टक्कल, जेनेरिक औषध आणि सचोटीचा व्यवहार

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, घारापुरी बेटासमोरच्या किनाऱ्यावर वसलेले न्हावा-शेवा बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. मुंबईच्या जुन्या बंदरावरील भार हलका करणे हा त्यामागील हेतू होता. आज जवाहरलाल नेहरू बंदर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बंदराने 2024-25 या आर्थिक वर्षात, वीस फुटी कंटेनरच्या मापाने, 70 लाखांहून अधिक कंटेनरांची हाताळणी केली. कापड, मसाले, पोलाद, रसायने, औषधे यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांना हे नाव रोजच्या बोलण्यातले आहे.

औषधांच्या बाबतीत या बंदराला कायद्यानेही वेगळे स्थान आहे. परदेशातील औषध कोणत्याही बंदरात उतरवता येत नाही. औषधविषयक नियमावलीने जी मोजकी बंदरे ठरवून दिली आहेत, त्यांत न्हावा-शेव्याचा समावेश असून केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेचे कार्यालयही तेथे आहे. औषधनिर्मितीस लागणारा कच्चा माल येथे उतरतो. आणि याच रायगड जिल्ह्यातील तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड या औद्योगिक क्षेत्रांतून, तसेच अन्य राज्यांतून आलेला तयार माल येथून जगभर जातो. रक्तदाब, मधुमेह, क्षय, कर्करोग अशा गंभीर व्याधींच्या औषधांबरोबरच भारतीय कंपन्यांच्या यादीत एक अगदी लहान गोळीही असते. ती आहे पुरुषांच्या टकलावरील फिनास्टेराइड.

कौटुंबिक मासिकात टकलाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आपल्या घरांतील चित्र डोळ्यांसमोर आणावे. मुलगा बावीस-तेवीसाव्या वर्षी पेढीवर बसू लागतो. थोड्याच वर्षांत स्थळे पाहण्यास आरंभ होतो आणि नेमक्या त्याच सुमारास कपाळावरची केसांची रेषा मागे सरू लागते. घरात हा विषय एक तर थट्टेने निघतो, नाही तर निघतच नाही. मुलगा मित्राकडून औषधाचे नाव घेतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून गोळ्या आणतो आणि कोणास न सांगता घेऊ लागतो. औषध चांगले, किंमतही परवडणारी; तरीही सारा व्यवहार आडपडद्याने होतो. त्यातूनच चुकीचे निदान, दुर्लक्षित दुष्परिणाम आणि पुढे पती-पत्नींतील अविश्वास असे प्रश्न उद्भवतात. म्हणून या गोळीचा जमाखर्च उघडपणे मांडणे आवश्यक वाटते.

स्वस्ताईमागचा कायदा

फिनास्टेराइड हे अमेरिकेतील मर्क कंपनीचे संशोधन. तेथे 1992 साली प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी 5 मिलिग्रॅमची गोळी संमत झाली आणि डिसेंबर 1997 मध्ये टकलासाठी 1 मिलिग्रॅमची गोळी 'प्रोपेशिया' या नावाने मान्य झाली. पेटंटच्या संरक्षणामुळे तिची स्वस्त प्रतिरूपे अमेरिकेच्या बाजारात येण्यास 2013 साल उजाडले.

भारतात मात्र चित्र निराळे होते. 20 एप्रिल 1972 पासून अमलात आलेल्या आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर एकाधिकार देण्याचे नाकारले. पेटंट मिळे ते केवळ औषध तयार करण्याच्या पद्धतीला. दुसरी पद्धत शोधणाऱ्यास तेच औषध निर्माण करण्याची मोकळीक होती. जागतिक व्यापार कराराप्रमाणे 1 जानेवारी 2005 पासून हा नियम बदलला, परंतु फिनास्टेराइडचा शोध त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे 1935 साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि पाताळगंगेला कारखाना असलेल्या सिप्ला कंपनीची 'फिनपेशिया', डॉ. रेड्डीज कंपनीची 'फिनॅक्स' अशी औषधे येथे अमेरिकेच्या कितीतरी आधी उपलब्ध झाली. परदेशी असलेली आपली मुले सुट्टीत घरी आली की परतताना ही औषधे बरोबर नेतात, त्याचे मूळ या कायद्यात आहे.

जेनेरिक म्हणजे दुय्यम माल, हा समज आपल्याकडे अजूनही आहे. वास्तविक जेनेरिक औषधात मूळ औषधाचाच क्रियाशील घटक, त्याच मात्रेत आणि त्याच स्वरूपात असतो. गोळी पोटात गेल्यावर तो घटक रक्तात मूळ औषधाइतकाच आणि तितक्याच वेगाने उतरतो की नाही, याची चाचणी असते. पाण्यात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या परवान्यासाठी ही चाचणी आपल्या देशात 2017 पासून बंधनकारक झाली आहे. फिनास्टेराइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून त्याच्या बाबतीत या अटीला विशेष महत्त्व आहे.

भारतात विकली जाणारी बहुतेक औषधे 'नाव असलेली जेनेरिक' आहेत. म्हणजे रेणू एकच, पण प्रत्येक कंपनीने दिलेले नाव वेगळे. काही कंपन्या डॉक्टरांमार्फत प्रसार करतात आणि त्याचा खर्च किमतीत धरतात. काही कंपन्या थेट विक्रेत्याला माल देतात. तेथे छापील किंमत मोठी आणि खरेदी किंमत अल्प असते. व्यापारी वाचकांना हे गणित उलगडून सांगण्याची गरज नाही. छापील किमतीवरून गुणवत्ता ठरत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

गोळीचे कार्य

वृषण नसलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण हिपोक्रेटिसच्या काळापासूनचे आहे. 1942 साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने त्याला शास्त्रीय आधार दिला आणि टकलासाठी आनुवंशिक प्रवृत्तीइतकाच पुरुषी संप्रेरकाचा वाटा असतो, हे दाखवून दिले. पुढचा दुवा कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सालिनास या खेड्यात मिळाला. तेथील काही कुटुंबांत जन्मतः मुली समजून वाढवलेली मुले वयात येताना पुरुष होत. डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 1974 साली या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करणारे विकर जन्मतः दुबळे होते. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी आयुष्यभर लहान राही आणि त्यांना टक्कलही पडत नसे.

फिनास्टेराइड हेच विकर औषधाने रोखते. ज्यांच्या केशमुळांना आनुवंशिकतेने या संप्रेरकाची बाधा होते, त्यांच्या केसांचा वाढीचा काळ दर चक्रागणिक आखूड होतो आणि जाड केसांच्या जागी बारीक लव उरते. रोज 1 मिलिग्रॅमच्या गोळीने या संप्रेरकाचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने उतरते आणि केशमुळांवरचा दाब कमी होतो. ज्या जागी मुळेच मृतप्राय होऊन गुळगुळीत टक्कल पडले आहे, तेथे गोळीचा उपयोग नाही. म्हणून हे औषध आरंभीच्या आणि मध्यम अवस्थेतील, विशेषतः टाळूवरील विरळपणासाठी आहे.

प्रत्येक केसगळती म्हणजे टक्कल नव्हे

आपल्या समाजासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अठ्ठाई, मासखमण किंवा वर्षीतप यांसारखी दीर्घ तपश्चर्या झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ गळू लागतात, असा अनुभव अनेक तपस्वींना येतो. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया किंवा वजनात झपाट्याने झालेली घट यांच्यानंतरही असेच घडते. शरीर ताणाखाली असता पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही आठवड्यांनी एकत्र झडतात. ही गळती साऱ्या डोक्यावर सारखी असते आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप भरून येते. तिच्यावर फिनास्टेराइड देणे म्हणजे नसलेल्या रोगावर औषध देणे होय.

शाकाहारी घरांत बी-12 जीवनसत्त्वाची उणीव मोठ्या प्रमाणावर आढळते. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांमुळेही केस विरळ होतात. याउलट पुरुषी टकलाची खूण ठरलेली असते. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून रेषा मागे जाते, टाळूवर चकती दिसू लागते, मात्र कानांवरचे आणि मानेजवळचे केस शाबूत राहतात. त्वचारोगतज्ज्ञ डोके पाहून आणि आवश्यक त्या रक्ततपासण्या करून हा भेद स्पष्ट करू शकतात. वर्षानुवर्षे घेण्याच्या औषधासाठी एवढी पहिली तपासणी न करणे ही काटकसर नव्हे.

लाभ किती आणि प्रतीक्षा किती

या गोळीच्या मूळ चाचण्यांत 18 ते 41 वर्षे वयाच्या 1,553 पुरुषांचा समावेश होता. टाळूवरील एक इंच व्यासाच्या वर्तुळात आरंभी सरासरी 876 केस मोजले गेले. वर्षभराने औषध घेणाऱ्यांत सरासरी 86 केसांची वाढ झाली, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत 21 केसांची घट झाली. पाच वर्षांनंतरच्या छायाचित्रांत औषध घेणाऱ्यांपैकी 48 टक्क्यांची स्थिती सुधारली, 42 टक्क्यांची होती तशी राहिली आणि 10 टक्क्यांची खालावली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत मात्र 75 टक्क्यांचे केस आणखी गेले होते.

या आकड्यांचा सरळ अर्थ असा की औषधाचा मोठा लाभ 'आहे ते टिकवणे' हा आहे. विसाव्या वर्षीचे घनदाट केस परत येतील, ही अपेक्षा ठेवू नये. परिणाम दिसण्यास तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. योग्य मूल्यमापन वर्षभरानंतरच होते. औषध थांबवल्यास मिळालेला लाभ साधारणतः बारा महिन्यांत ओसरतो. त्यामुळे एका पट्टीचा भाव पाहून निर्णय करू नये. वर्षाच्या 365 आणि पाच वर्षांच्या 1,825 गोळ्यांचा खर्च मांडावा आणि मगच कोणते जेनेरिक परवडते ते ठरवावे.

दुसरे मान्यताप्राप्त औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबाचे. 1979 साली अमेरिकेत गोळीच्या रूपात संमत झालेल्या या औषधाने रुग्णांच्या अंगावर केस उगवू लागले आणि त्यातूनच 1988 साली डोक्याला लावण्याचे 2 टक्क्यांचे द्रावण आले. आज 5 टक्क्यांचे द्रावणही सर्वत्र मिळते आणि त्याचीही अनेक भारतीय जेनेरिक रूपे आहेत. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळल्यासारखे वाटतात. घाबरून औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ही गळती तात्पुरती असते. टाळूवर लाली किंवा खाज आली, छातीत धडधड झाली, तर मात्र डॉक्टरांना भेटावे.

जोखीम स्पष्ट शब्दांत

ज्या विषयावर घरात बोलणे होत नाही तो येथे टाळून चालणार नाही. मूळ चाचण्यांत कामेच्छा मंदावणे, लैंगिक शिथिलता, वीर्याचे प्रमाण कमी होणे यांपैकी एखादी तक्रार औषध घेणाऱ्या 3.8 टक्के पुरुषांनी केली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 2.1 टक्के होते. बहुतेकांच्या तक्रारी औषध थांबवल्यावर गेल्या. परंतु काही पुरुषांत त्या नंतरही राहिल्याच्या नोंदी आल्या आणि 2012 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा उल्लेख माहितीपत्रकात समाविष्ट करविला.

मे 2025 मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने 1 आणि 5 मिलिग्रॅमच्या फिनास्टेराइड गोळ्यांमुळे आत्मघाताचे विचार येऊ शकतात, हा दुष्परिणाम म्हणून निश्चित केला. अशा बहुतांश नोंदी टकलासाठी 1 मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांच्या होत्या. एकूण वापराच्या तुलनेत औषधाचे लाभ अधिक आहेत, असेच त्या समितीचे मत आहे. तथापि मन उदास राहू लागले, जीव नकोसा वाटू लागला, तर गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे, असा तिचा सल्ला आहे. ज्याला पूर्वी नैराश्याचा त्रास झाला आहे, त्याने ही गोष्ट आरंभीच डॉक्टरांना सांगावी. चोरून गोळी घेणारा मुलगा गप्प-गप्प राहू लागला, तर घरच्यांना कारण कळणार कसे? औषध घरच्यांना ठाऊक असावे, याचे याहून मोठे कारण नाही.

आणखी काही गोष्टी अशा:

गर्भवती किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने फुटलेल्या वा चुरा झालेल्या गोळीला हात लावू नये. उदरातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. पैसे वाचवण्यासाठी 5 मिलिग्रॅमची गोळी चाकूने चार तुकडे करून घेण्याची पद्धत याच कारणाने घरात नसावी. आपल्याकडे 1 मिलिग्रॅमची जेनेरिक गोळी सहज मिळत असता तिची गरजही नाही.

अपत्यप्राप्तीचा विचार असल्यास डॉक्टरांना सांगावे. काही पुरुषांत वीर्याची प्रत घटते आणि औषध थांबवल्यावर ती सुधारते.

पन्नाशीनंतर प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा या औषधाने सुमारे निम्म्यावर येतो. गोळी चालू असल्याचे न सांगितल्यास अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो.

आपल्या संघांमध्ये जयंती-पुण्यतिथीनिमित्त रक्तदान शिबिरे होतात. ते रक्त गर्भवती स्त्रीला दिले जाण्याची शक्यता असते, म्हणून अमेरिकेच्या रेड क्रॉसच्या नियमानुसार शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्तदान करता येत नाही. शिबिरातील डॉक्टरांना हे औषध घेत असल्याचे आवर्जून सांगावे.

आहारशुद्धी आणि औषधातील घटक

अन्नपदार्थांच्या वेष्टनावर असते तशी शाकाहाराची हिरवी टिकली ॲलोपॅथीच्या गोळीवर सक्तीची नाही. त्यामुळे चौकशी आपणच केली पाहिजे. फिनास्टेराइड गोळीच्या रूपात येते. तिच्यात दुधापासूनची शर्करा आणि मॅग्नेशियम स्टिअरेट हे पूरक घटक असू शकतात. स्टिअरेट वनस्पतिजन्य तेलापासून होते, तसेच प्राणिज चरबीपासूनही होते. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी विचारणा करून घटकाचा उगम जाणून घेता येतो.

याच गटातील ड्युटास्टेराइड हे औषध मात्र बहुधा जिलेटिनच्या मऊ कॅप्सूलमध्ये येते आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होते. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांत आणि चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन किंवा कोलॅजेन असू शकते. कोलॅजेनचा उगम प्राणिजच असतो. डी-3 जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेदापासून बनवले जाते. शेवाळाशी नाते असलेल्या दगडफुलापासून बनवलेलेही मिळते. मिनॉक्सिडिलच्या द्रावणात आणि फेसातही अल्कोहोल असते. ते बाह्य उपचारासाठी असले तरी ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी हे जाणून निर्णय करावा.

चौविहार पाळणाऱ्यांना अडचण नाही. फिनास्टेराइड दिवसातून एकदाच, अन्नासह किंवा अन्नाविना घेता येते. नवकारशीनंतरची वेळ सोयीची. उपवासाच्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. या औषधाचा परिणाम महिन्यांच्या हिशेबाने होतो.

दुकानाच्या काउंटरवर

फिनास्टेराइड हे अनुसूची 'एच' मधील औषध आहे, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. आपल्या समाजात औषधांची किरकोळ आणि घाऊक दुकाने चालवणारे पुष्कळ आहेत. ओळखीच्या घरचा मुलगा चिठ्ठी नसताना पट्टी मागू लागला, तर 'आधी डॉक्टरांना दाखव' असे सांगणे हाच खरा आपलेपणा. ग्राहकाने पक्के बिल घ्यावे. पट्टीवरील घटकाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक, मुदत आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक पाहावा. गोळ्या स्नानगृहात ठेवू नयेत. किनारपट्टीच्या दमट हवेत त्या लवकर खराब होतात.

'टक्कल कायमचे बरे करू' अशी हमी देणाऱ्या जाहिरातींविषयी एक गोष्ट ठाऊक असावी. औषध नियमावलीच्या अनुसूची 'जे' मध्ये, जे रोग बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये अशांची यादी आहे आणि तीत टक्कल नावानिशी समाविष्ट आहे. म्हणजे तशी हमी देणारा पहिल्याच वाक्यात नियम मोडत असतो. मागील काही वर्षांत फिनास्टेराइड मिसळलेली, दुकानात किंवा ऑनलाइन तयार करून दिली जाणारी द्रावणेही आली आहेत. त्यांच्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2025 मध्ये सावधगिरीचा इशारा दिला.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. खऱ्या मालात खोटा मिसळणे किंवा खऱ्याच्या नावाने नकली विकणे, असा त्याचा अर्थ. औषधाच्या व्यापारात या अतिचाराची किंमत दुसऱ्याच्या देहाला मोजावी लागते. बंदरावरून परदेशी जाणाऱ्या मालाला जे तपासणीचे निकष लागतात, तेच गल्लीतल्या ग्राहकासाठी आपणहून लावणे हे श्रावक व्यापाऱ्याचे कर्तव्य आहे.

विवाहाच्या बोलणीत

श्वेतांबर परंपरेत सत्य अणुव्रताच्या विवेचनात जी पाच मोठी असत्ये वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत पहिले 'कन्यालीक' आहे. विवाहसंबंध जुळवताना कन्येविषयी खोटे बोलणे, असा त्याचा मूळ अर्थ. आचार्यांनी त्यात सर्व मनुष्यांविषयीचे असत्य अंतर्भूत केले आहे. मुलीच्या वर्णाविषयी, वयाविषयी खोटे बोलू नये हे आपण मानतो. मग मुलाचे पाच वर्षांपूर्वीचे छायाचित्र बायोडाटाला जोडणे, केसांचा पॅच लावून मुलगी पाहण्यास जाणे, हे कोणत्या सदरात बसते?

येथे दोन्ही पक्षांची जबाबदारी आहे. मुलाकडच्यांनी लपवू नये. आणि मुलीकडच्यांनी केवळ केसांच्या रेषेवरून सुशील, उद्योगी मुलगा नाकारू नये. चालू असलेले औषध विवाह ठरण्यापूर्वी भावी पत्नीस सांगितलेले बरे. ते तिच्या गर्भारपणाशी, अपत्याच्या नियोजनाशी आणि दोघांच्या खासगी जीवनाशी निगडित आहे. लपवण्याजोगे त्यात काहीच नाही. आणि 'लग्न होईपर्यंत घे, मग सोड' असा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे जाणावे की औषध सोडल्यावर वर्षभरात केस जातात आणि त्यांच्याबरोबर शब्दाची पतही जाते.

केशलोचाचा संस्कार

आपल्या परंपरेत केसांना वेगळाच संदर्भ आहे. तीर्थंकरांनी दीक्षेच्या वेळी पंचमुष्टी लोच केला. ऋषभदेवांच्या मूर्ती खांद्यावर रुळणाऱ्या बटांवरून ओळखल्या जातात. श्वेतांबर परंपरा सांगते की त्यांनी चार मुष्टी लोच केल्यावर इंद्राच्या विनंतीने पाचवी मूठ राहू दिली. आजही आपले साधु-साध्वी स्वहस्ते अथवा सहसाधूंच्या हस्ते केशलोच करतात आणि आपण तो सोहळा हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून पाहतो. ज्या समाजाने केसांच्या त्यागाला वंदन केले, त्या समाजातील तरुणाने केस गेल्याने मान खाली घालावी, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

तथापि गृहस्थधर्म आणि साधुधर्म यांच्या पायऱ्या भिन्न आहेत. पेढीवर बसणाऱ्या, चारचौघांत वावरणाऱ्या तरुणाला आपले रूप नीटनेटके असावे असे वाटले, तर त्यात अपराध नाही. एखाद्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने जेनेरिक गोळी घ्यावी, दुसऱ्याने केस बारीक कापून निश्चिंतपणे हिंडावे. अनेकांताची शिकवण लाभलेल्या घरात या दोन्ही निर्णयांना सारखेच स्थान असले पाहिजे. पहिल्याची चेष्टा नको आणि दुसऱ्यावर दडपण नको.

या महिन्यात आपल्या घरातील तरुणाशी याविषयी एकदा मोकळेपणाने बोलावे. तो गोळी घेत असेल तर चिठ्ठी कोणाची आहे, तपासणी झाली आहे का, मन प्रसन्न आहे का, हे मायेने विचारावे. घेत नसेल आणि खंतावत असेल, तर त्याच्यासोबत त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. औषधाचा खर्च अल्प आहे. संकोचाचा खर्च मात्र फार मोठा होऊ शकतो.